बशीतला चहा आणि ओट्याजवळचं जेवण

पत्र थोडक्यात असं: नाशिकची एक आई लिहिते. वय ३४, खासगी कंपनीत हिशेबाचं काम. सकाळी सव्वाआठला घर सोडते, परत यायला सात वाजतात. नवरा अंबडच्या एमआयडीसीत, पाळ्या बदलत्या. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत आहे आणि दिवसभर आजी-आजोबांजवळ असतो. समोर मोबाईल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही, तेव्हा आजी भरवते. पालेभाजीचं नाव काढलं की उलटीचं सोंग. सकाळी आणि चार वाजता आजी-आजोबांबरोबर बशीतून चहा, सोबत चार-पाच बिस्किटं. बाबा येताना वेफर्सचं पाकीट आणतात. मागच्या महिन्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन १०.१ निघालं. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं आणि चहा बंद करायला सांगितलं. त्यावरून घरात मोठं भांडण झालं. सासूबाई म्हणाल्या, “आम्ही चहा पिऊनच वाढलो, आमचं काय बिघडलं?” त्या दिवसापासून दोघींत अबोला आहे. प्रश्न दोन: सासूबाईंना कसं समजावू? की शाळेनंतर मुलाला सरळ पाळणाघरात ठेवू?

प्रिय ताई,

त्या १०.१ ने तुमची झोप उडवलेली दिसते, म्हणून आधी त्याचं बोलू. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांचं हिमोग्लोबिन किमान ११.५ असावं असं जागतिक आरोग्य संघटना मानते. म्हणजे तुमच्या लेकाचं कमी आहे आणि औषध लागणारच. पण तुम्ही लिहिलंय तसं ‘आमच्याच नशिबी हे’ मात्र नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला होता. त्यात सुखवस्तू घरांतली मुलंही आहेत.

औषध डॉक्टरांनी सांगितलंय तितकेच दिवस द्या, मध्येच ‘आता तरतरी आली’ म्हणून थांबवू नका. दुधाबरोबर किंवा चहाच्या आगेमागे देऊ नका, लिंबाच्या सरबताबरोबर दिलं तर चांगलं. शी काळी होते, त्याला घाबरू नका. जंतांचं औषध शेवटचं कधी दिलं होतं ते आठवून डॉक्टरांना सांगा. आणि एक बारीक नजर ठेवा: पाटीवरची पेन्सिल, खडू, माती असलं काही तो चाखतो का? चाखत असेल तर ओरडू नका, डॉक्टरांच्या कानावर घाला. लोह कमी पडलं की अशी ओढ लागू शकते.

औषधाचं एवढंच. आता सासूबाई.

तुमचं पत्र साडेतीन पानांचं आहे आणि त्यातली दोन पानं सासूबाईंची आहेत. मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी एका वाक्यावर अडले. ते तुम्ही सहज लिहून गेला आहात: ‘रात्री सगळ्यांचं आटपलं की मी ओट्याजवळच दोन घास खाऊन घेते.’

मग मी पत्रात विखुरलेल्या तपशिलांवरून तुमच्या घराचं जेवणाचं वेळापत्रक मांडून पाहिलं. सकाळी तुम्ही उभ्याने चहा आणि खारी. आजोबा साडेबाराला जेवतात. मुलगा एकला शाळेतून येतो, त्याला आजी मोबाईलसमोर भरवते आणि तो झोपल्यावर स्वतः जेवते. रात्री आजी-आजोबा साडेसातला मालिका बघत. मुलगा आठला, पुन्हा मोबाईल. यजमान पाळीप्रमाणे नऊला नाहीतर बाराला, आणि दुधी, कारलं, दोडका असेल तर ‘दुसरं काही आहे का?’ विचारत. तुम्ही शेवटी, ओट्याजवळ. पाच माणसं आणि रात्रीच्याच चार पंगती! तुमच्या लेकाने आजवर कुणाला मेथीची भाजी चवीने खाताना समोर बसून पाहिलंय का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. त्याच्यासमोर खाणारं असतं ते मोबाईलमधलं कार्टून.

मुलं सांगून खात नाहीत, बघून खातात. हे आपल्या आज्यांना माहीत होतं. तरी एक प्रयोग सांगते. लीन बर्च नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० मध्ये तो प्रसिद्ध केला. बालवाडीतल्या एका मुलाला एक भाजी आवडते आणि दुसरी आवडत नाही. त्याला जेवायला अशा तीन-चार मुलांत बसवलं, ज्यांना नेमकी ती दुसरी भाजी आवडते. असं चार दिवस. कुणी आग्रह केला नाही, समजावलं नाही. बरीच मुलं हळूहळू ती नावडती भाजी घ्यायला लागली.

आता चहा. तुम्ही त्याला ‘चहाचं व्यसन’ म्हणता. मला शंका आहे. चार वाजताचं दृश्य तुम्हीच लिहिलंय: आजोबा पेपर घडी करून ठेवतात, आजी तीन बशा मांडते, तिघं फुंकर घालत पितात, आजोबा गावाकडचं काहीतरी सांगतात. ताई, चोवीस तासांत तुमच्या घरात मूल मोठ्यांबरोबर, मोबाईलशिवाय, स्वतःच्या हाताने, गप्पा मारत काही खातं-पितं अशी ही वेळ. सकाळचा चहा घाईचा असतो, तेव्हा खरी बैठक हीच. आणि डॉक्टरांचा निरोप घेऊन तुम्ही नेमकी तीच मोडायला निघालात. तो रडला यात नवल नाही. सासूबाई दुखावल्या यातही नाही.

याचा अर्थ चहा चालेल असा नाही. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये काढलेल्या आहारसूचनांत तर मोठ्यांनासुद्धा जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलंय. सहा वर्षांच्या मुलाला मुळात चहाची गरजच नाही. शिवाय चार वाजता गोड चहा आणि पाच बिस्किटं पोटात गेली की आठ वाजता भूक कुठून लागणार? मग जेवत नाही म्हणून मोबाईल, मोबाईल लावून भरवलं म्हणून पोट तट्ट, आणि सकाळी पुन्हा चहा-बिस्किट. हे चक्र चार वाजता सुरू होतं, म्हणून ते तोडायचंही चार वाजताच.

बैठक ठेवा, बशीही तीच ठेवा. त्याच्या बशीत चहापूड न घालता गवती चहा उकळलेलं कोमट दूध द्या, हवं तर वेलची, किंचित साखर. नाव ‘चहा’च राहू द्या, गवती चहाला आपण चहा म्हणतोच की. सकाळी आणि चारला मिळून कपभर-दीड कप दूध पुरे. दुधाने पोट भरलेली मुलं जेवत नाहीत आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. बिस्किटांच्या जागी शेंगदाणे-फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू, भाजके पोहे, एखादं केळं किंवा पेरू. (गूळ-शेंगदाणे म्हटलं की लोक गुळाच्या लोहाचं कौतुक सुरू करतात. गूळ चवीला छान, पण लोहासाठी गुळावर विसंबायचं तर इतका खावा लागेल की दुसराच डॉक्टर गाठावा लागेल. शेंगदाणे महत्त्वाचे.)

हे आजीच्या हातून झालं पाहिजे आणि आजीला ते स्वतःचं वाटलं पाहिजे. तुम्ही लिहिता सासूबाई मूळच्या बीड जिल्ह्यातल्या, वय ६६. म्हणजे १९७२ च्या दुष्काळात त्या तेरा-चौदा वर्षांच्या असणार. कधी विचारलंय त्या वर्षाबद्दल? मराठवाड्यातल्या त्या वयाच्या माणसाला सुकडी (दुष्काळात वाटलेला पौष्टिक कोरडा खाऊ), मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी), खडी फोडायची कामं हे शब्द नुसते उच्चारून बघा. ज्या बाईने ते दिवस पाहिलेत, तिला भरल्या घरात नातू उपाशी झोपला हे सहन होत नाही. तुम्हाला जो ‘लाड’ दिसतो, त्यात भीती मिसळलेली आहे. तिला ‘डॉक्टर म्हणाले’ म्हणून गप्प करता येईल, पण ती भीती जाणार नाही. तुम्ही ऑफिसला गेलात की बशी पुन्हा निघेल.

‘आमचं काय बिघडलं?’ या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही, उलट त्यांनाच विचारेन: तुम्ही लहानपणी चहाशिवाय आणखी काय खात होता? यादी निघेल बघा. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, तांदुळजा, घोळ, हरभऱ्याचा पाला, अंबाडीची भाजी, तिळाची नाहीतर कारळाची चटणी. आहारतज्ज्ञ तुमच्या मुलाला जे लिहून देतील त्यातलं निम्मं तुमच्या सासूबाईंच्या आठवणीत आहे. चहा होता हे खरं, पण त्याच्याभोवती हे सगळं होतं आणि बिस्किटं नव्हती. त्यांना म्हणा, “आई, याला तुमच्या हातचं माडगं करून द्या ना, मला जमत नाही.” शेवटचे तीन शब्द खरे असतील तरच म्हणा, सासवांना खोटं लगेच कळतं. घरात लोखंडी कढई असेल तर ती माळ्यावरून काढा. तीत आंबट भाजी केली की लोह थोडं वाढतं. फक्त झालेली भाजी तीतच ठेवून काळी पडू देऊ नका, मग ती पोराला दाखवायची सोय राहत नाही.

आणि चहा बंद करायचा विषय सासूबाईंशी यजमानांनी बोलावा. त्यांची आई आहे. सुनेने सांगितलं की तो आरोप होतो, मुलाने सांगितलं की काळजी होते. हे न्याय्य नाही, पण असंच आहे. बोलताना वेफर्सच्या पाकिटाची कबुली त्यांनी आधी द्यावी. दुधी त्यांना आवडत नसेल तर नसू दे, प्रत्येकाला एक-दोन नावडती असायचीच. फक्त ताटावर बसून तोंड वाकडं करायचं नाही. माझे वडील कारल्याची भाजी करकरीत आवाज करत खायचे, आम्ही तिघं भावंडं चिडून बघत राहायचो. आज तिघांच्याही घरी महिन्यातून दोनदा कारलं होतं.

आता तुम्ही ‘भाजी संपवलीस तर चॉकलेट’ असं करता, त्याबद्दल. मीही केलंय, त्यामुळे उपदेश करायचा हक्क मला थोडाच आहे. पण याच बर्च बाईंनी १९८४ मध्ये आणखी एक प्रयोग केला होता. मुलांना केफिर नावाचं, आपल्या ताकाच्या जवळचं एक आंबूस पेय प्यायला दिलं. काहींना प्यायल्याबद्दल शाबासकी किंवा सिनेमाचं तिकीट मिळालं, काहींना नुसतंच दिलं. बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड उलट कमी झाली. मुलाचा हिशेब सरळ असतो: ज्यासाठी लाच द्यावी लागते ते वाईटच असणार. आणि लाच म्हणून दिलेलं चॉकलेट मात्र त्याच्या डोळ्यांत मोठं होत जातं. चॉकलेट द्यायचं असेल तेव्हा द्या, भाजीशी त्याची सोयरीक लावू नका. भाजी खाल्ली म्हणून टाळ्याही नकोत. मोठ्या माणसाने भाजी खाल्ली तर आपण टाळ्या वाजवतो का?

मोबाईलचं दुखणं वेगळं आहे. मूल स्क्रीनकडे बघत असताना भरवलं की पोट भरल्याची खूण त्याला कळत नाही आणि भुकेचीही. आजीला वाटतं वाटीभर वरणभात गेला, काम झालं. इथे वाढीचं गणित आजीला आणि तुम्हालाही माहीत असलेलं बरं. जन्माला आलेलं तीन किलोचं बाळ वर्षात नऊ किलोचं होतं. दोन वर्षांनंतर मात्र मूल वर्षाला साधारण दोन-अडीच किलोच वाढतं. म्हणजे भूक कमी होणं, एक दिवस दोन पोळ्या आणि दुसऱ्या दिवशी अर्धी, हे बहुतेक वेळा ठीकच असतं. ‘एक घास चिऊचा, एक घास काऊचा’ हे दोन वर्षांच्या बाळाला शोभतं. सहा वर्षांच्या पहिलीतल्या मुलाला घास भरवणं म्हणजे त्याच्या पोटाचा कारभार दुसऱ्याने चालवणं.

एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी याची एक वाटणी सांगितली आहे, ती मला फार उपयोगी वाटते. काय वाढायचं, कधी वाढायचं, कुठे बसायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, खायचं की नाही, हे मुलाने. आपल्या घरांत नेमकं उलटं चालतं: काय खाऊ ते मूल ठरवतं आणि किती ते आजी.

आपल्याकडे या वाटणीला एक अडचण येते: पानात टाकायचं नाही. हा संस्कार मला प्रिय आहे, तो मोडा असं मी सांगणार नाही. म्हणून वाढतानाच कमी वाढा. आणि कमी वाढायची जागा आपल्या ताटात आधीपासून आहे, डावी बाजू. लिंबाची फोड, चमचाभर चटणी, चमचाभर कोशिंबीर. नवी किंवा नावडती भाजी काही दिवस उजव्या बाजूला वाटी भरून न वाढता डावीकडे चमचाभर वाढा. खाल्ली तर खाल्ली. नाही खाल्ली तर तुम्ही उचलून खा, काही न बोलता. नवी चव आवडायला आठ-दहा वेळा तरी जिभेवर यावी लागते. आपण तिसऱ्या वेळी ‘याला आवडत नाही’ असं जाहीर करून मोकळे होतो आणि मूल ते वाक्य ओळखपत्रासारखं मिरवतं. वरणभातावर लिंबू पिळायला त्यालाच द्या. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं, पालेभाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. त्याला ते सांगायची गरज नाही, पिळायला मिळालं की पुरे.

मोबाईल एकदम सगळीकडून काढायला जाऊ नका, आजीची दुपार कठीण होईल. आधी रात्रीचं जेवण मोकळं करा, कारण तेव्हा तुम्ही घरी असता. पहिले तीन-चार दिवस तो कमी खाईल, कदाचित काहीच नाही. तेव्हा नऊ वाजता ‘निदान बिस्किट तरी’ म्हणून डबा उघडायचा नाही, ही अट सगळ्यांना आधी सांगून ठेवा. निरोगी मूल एका रात्रीच्या अर्धपोटी झोपेने आजारी पडत नाही. मात्र वजन उतरत असेल, गिळताना ठसका लागत असेल, वर्षानुवर्षं चार-पाचच पदार्थांवर मूल अडून बसलं असेल, तर हे प्रयोग घरी करू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हे मी सगळ्याच वाचकांना सांगते आहे.

पाळणाघराचं काय? तुम्ही रागात लिहिलंय, तरी विचार करू. चांगल्या पाळणाघरात मुलं एका ओळीत बसून जेवतात. वर सांगितलेला पहिला प्रयोग आठवा, तिथे त्याचा फायदा होऊ शकतो. पण रात्रीचं जेवण, रविवार आणि वेफर्स घरीच राहणार. आणि आजीला शिक्षा म्हणून मुलाला तिथे टाकलंत तर ती बशी त्याच्या आठवणीत आणखी गोड होईल. तीन महिने थांबा, पुढची रक्ततपासणी होऊ दे. मग ठरवा, आणि तेव्हाही कारण आजी नसावी.

अशाच घरांतून आलेल्या बाकीच्या पत्रांत दुधात घालायच्या पावडरींबद्दल हमखास विचारलेलं असतं. त्यावर एवढंच: एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी व्याख्याच नाही. डब्याच्या मागे साखर किती ग्रॅम आहे ते वाचा आणि ठरवा. ज्यांची मुलं उलट जास्त खातात, वजन वाढलंय म्हणून लिहितात, त्यांनाही माझं सांगणं फारसं वेगळं नाही. एकट्या मुलासाठी घरात वेगळा कायदा करू नका. बाबा कोल्डड्रिंक पीत असताना मुलाला ताक दिलं की ताक शिक्षा होतं.

शेवटी पुन्हा त्या ओट्याजवळच्या वाक्याकडे येते. पहिल्या आठवड्यात चहा, मोबाईल, भाजी असं सगळं काढू नका. एकच करा: रात्री आठला स्वतःचं ताट वाढून घ्या आणि मुलाशेजारी बसा. गरम पोळी ताटात पडली पाहिजे हा हट्ट घरात कुणाचा असेल तर आठवडाभर त्याला रजा द्या, पोळ्या आधी करून फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. आजी-आजोबांना साडेसातऐवजी आठ करता येतील का, विचारा. मालिका दुसऱ्या दिवशी पुन्हा लागते. यजमानांची दुसरी पाळी असेल तर चौघं बसा. गप्पा कशाच्याही मारा, फक्त त्याने किती खाल्लं याच्या नकोत. आणि तुम्ही तुमच्या ताटातली मेथी खा, पोटभर, सावकाश. तो बघेल.

तीन महिन्यांनी त्याचं रक्त तपासायला जाल, तेव्हा प्रयोगशाळेत दोन नावं लिहा. सुरुवातीला सांगितलेल्या त्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या होत्या, आणि सकाळी चहा-खारीवर पळणाऱ्या, रात्री उरलेलं खाणाऱ्या बाईचा आकडा किती असेल याची मला लेकाच्या आकड्याइतकीच काळजी आहे. दोन्ही आकडे कळवा.